‘हा धर्म नव्हे, राष्ट्रकर्तव्य’ : प्योंगयांगच्या महासभेचं प्रकरण

१० सप्टेंबर १९३८. प्योंगयांग शहरात, पश्चिम वेशीबाहेरच्या उपासनामंदिरात कोरियाच्या प्रेस्बिटेरियन मंडळीची सत्ताविसावी महासभा भरली होती. प्रतिनिधी १९३ : ८६ पाळक, ८५ वडील (मंडळीचा कारभार पाहणारे ज्येष्ठ) आणि २२ परदेशी मिशनरी. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता, आणि त्यांच्या मधोमध जागोजाग जपानी पोलीस बसलेले. सभेला निघण्यापूर्वीच प्रतिनिधींना ठाण्यावर बोलावून तीन वाटा दाखवण्यात आल्या होत्या : ठरावाच्या बाजूने बोला, नाहीतर गप्प बसा, आणि दोन्ही जमत नसेल तर सभेला येऊच नका.

शिंतो, म्हणजे जपानच्या पारंपरिक श्रद्धेचं, देवस्थान म्हणजे धर्म नव्हे, तिथे नमन करणं ख्रिस्ती शिकवणीच्या विरुद्ध नाही, तो देशभक्तीचा राष्ट्रीय विधी आहे, म्हणून मंडळीने पुढाकार घेऊन तो पाळावा, असा तो ठराव होता. सूचक उभे राहिले, अनुमोदन मिळालं. सभापती होंग तेक-गी यांनी ‘अनुकूल असणाऱ्यांनी होय म्हणावं’ असं म्हटल्यावर मोजके आवाज आले. ‘प्रतिकूल कोण?’ हे त्यांनी विचारलंच नाही. काही मिशनरी आक्षेप घ्यायला उठले, ब्रूस हंट मोठ्याने बोलू लागले, तेव्हा पोलिसांनी त्यांना धरलं. ठराव मंजूर झाल्याचं जाहीर झालं आणि त्याच दिवशी उपसभापतींच्या पाठोपाठ प्रतिनिधी शहरातल्या शिंतो देवस्थानात जाऊन वाकून आले.

मूर्तिपूजेच्या आधुनिक रूपांवर बोलायचं तर मी हे प्रकरण सर्वांत आधी घेईन. आपल्या मराठी मंडळ्यांमध्ये ‘मूर्तिपूजा’ हा शब्द निघाला की बोट हमखास शेजाऱ्याच्या देवघराकडे जातं. पवित्र शास्त्र मात्र हा आरोप बहुतेक वेळा देवाच्या स्वतःच्या लोकांवर करतं. यशया, यिर्मया, होशेय यांचा खरा कडाका यरुशलेमेवर आणि शोमरोनावर आहे. प्योंगयांगच्या प्रकरणातही शिंतो मानणारा सामान्य जपानी माणूस आपल्यासमोर आरोपी म्हणून उभा नाही. त्याची श्रद्धा त्याची होती, आणि त्याच्या राज्यकर्त्यांनी तीही वापरून घेतली. इथे तपासायची आहे ती आपली, ख्रिस्ती मंडळी.

धर्म नसलेला देव कसा घडवला गेला

जपानच्या १८८९ च्या राज्यघटनेत धर्मस्वातंत्र्य होतं, पण प्रजेच्या कर्तव्यांना बाध येणार नाही एवढ्यापुरतंच. सम्राटाचं आणि त्याच्या पूर्वजांचं पूजन हे प्रजेचं कर्तव्य ठरवायचं, तर ते ‘धर्म’ या सदरातून बाहेर काढणं भाग होतं. १९०० साली गृहखात्यात शिंतो देवस्थानांसाठी एक विभाग आणि धर्मांसाठी दुसरा विभाग, अशी फारकत करण्यात आली. कागदोपत्री काम फत्ते झालं. देवस्थानात देवता होत्या, पुजारी होते, नैवेद्य होता, प्रार्थना होत्या. सरकारी दप्तरात मात्र तो धर्म नव्हता.

कोरिया १९१० पासून जपानच्या ताब्यात होता. १९२५ मध्ये सोलच्या नामसान टेकडीवर ‘चोसेन जिंगू’ हे भव्य देवस्थान उभं राहिलं. तिथे सूर्यदेवता आमातेरासू आणि सम्राट मेइजी यांची प्रतिष्ठापना झाली. सुरुवातीला सक्ती ढिली होती. १९३१ मध्ये मांचुरियातलं युद्ध सुरू झालं, आणि कोरियन माणूस मनाने जपानी झाला पाहिजे हा हट्ट वाढत गेला.

पहिला घाव शाळांवर पडला. प्योंगयांगला तेव्हा लोक ‘पूर्वेचं यरुशलेम’ म्हणत. १९०७ चं मोठं आत्मिक जागरण तिथलंच. शहरात मिशनच्या शाळा आणि महाविद्यालय होतं. नोव्हेंबर १९३५ मध्ये प्रांताच्या गव्हर्नरने मुख्याध्यापकांची बैठक बोलावली आणि बैठकीआधी सर्वांनी देवस्थानात जाऊन नमन करावं असं सांगितलं. सूंगसिल महाविद्यालयाचे प्रमुख जॉर्ज मॅक्क्यून आणि मुलींच्या शाळेच्या प्रमुख वेल्मा स्नूक यांनी नकार दिला. जानेवारी १९३६ मध्ये मॅक्क्यून यांची मान्यता रद्द झाली आणि त्यांना अमेरिकेला परतावं लागलं.

वाकावं म्हणणाऱ्यांची बाजू

या टप्प्यावर घाईने निकाल देऊ नये असं मला वाटतं, कारण वाकण्याच्या बाजूने बोलणारे सगळेच भित्रे नव्हते. त्यांचा युक्तिवाद नीट ऐकावा इतका वजनदार आहे.

शाळा बंद पडल्या तर हजारो कोरियन मुलं सरकारी शाळांत जातील आणि तिथे तर रोजच वाकतील. मग आपण काय वाचवलं? सरकार स्वतःच लेखी सांगतंय की हा धर्म नाही; मग तो धर्म आहे असा आग्रह आपणच का धरावा? रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात पौल अधिकाऱ्यांच्या अधीन राहायला सांगतो. शिवाय मूर्ती म्हणजे जगात काहीच नाही, असं तोच करिंथकरांना लिहितो. जे काहीच नाही त्याच्यापुढे मान लवली तर बिघडलं कुठे? मे १९३६ मध्ये रोमनेही कॅथलिकांना परवानगी दिली : अशा समारंभांचा अर्थ आता केवळ नागरी निष्ठेचा मानला जातो, तेव्हा सहभागी व्हायला हरकत नाही. मेथडिस्ट मंडळीनेही सरकारचा खुलासा स्वीकारला. मिशनऱ्यांतही फूट होती. अमेरिकेच्या दक्षिणी प्रेस्बिटेरियन मिशनने १९३७ मध्ये आपल्या शाळा बंद करणं पसंत केलं, तर उत्तरी मिशनमधले काही ज्येष्ठ शाळा चालू ठेवण्याच्या मताचे होते.

आणि नामानाची गोष्ट तर होतीच. २ राजे, पाचवा अध्याय. कुष्ठातून बरा झालेला हा अरामी सेनापती अलीशाला म्हणतो, माझा धनी माझ्या हाताचा आधार घेऊन रिम्मोनाच्या मंदिरात जातो तेव्हा मलाही वाकावं लागतं, याची मला क्षमा व्हावी. अलीशा त्याला शांतीने जाऊ देतो. नोकरी, दरबार, वरिष्ठांचा आग्रह यांत सापडलेल्या प्रत्येक ख्रिस्ती माणसाला हा उतारा कधी ना कधी आठवतो.

पण नामान काय म्हणतो ते शब्दशः पाहा. तो क्षमा मागतो. रिम्मोन हा देव नाहीच, हा तर आमच्या देशाचा नागरी समारंभ आहे, असं तो म्हणत नाही. आपण जे करणार आहोत ते काय आहे हे त्याला पक्कं ठाऊक आहे आणि ते त्याला टोचतंय. प्योंगयांगच्या ठरावाने नेमकी ती टोचणीच काढून टाकली. दबावाखाली वाकलेल्या माणसाला ‘मी वाकलो’ असं म्हणता येतं. ठराव झाल्यावर म्हणण्यासारखं काही उरतच नाही, कारण चूक घडलेलीच नसते. पोलिसांनाही शरीराच्या वाकण्यापेक्षा हाच कागद हवा होता. नुसतं वाकवायचंच असतं तर त्यासाठी महासभा लागली नसती.

चू की-चोल

प्योंगयांगमध्येच सानजुंगह्योन नावाची मंडळी होती. १९३६ पासून तिचे पाळक होते चू की-चोल, जन्म १८९७ चा, दक्षिणेकडच्या किनाऱ्यावरचा. त्यांच्या वडीलमंडळात चो मान-सिक होते, स्वदेशी मालाच्या चळवळीमुळे ‘कोरियाचे गांधी’ म्हणून ओळखले गेलेले. शाळेत ते चू यांचे शिक्षकही होते.

१९३८ च्या उन्हाळ्यात जपानी प्रेस्बिटेरियन मंडळीचे प्रमुख तोमिता मित्सुरू खास समजूत घालायला प्योंगयांगला आले. सरकारने तुम्हाला ख्रिस्त सोडायला कुठे सांगितलंय, हे तर राष्ट्रीय विधी आहेत, असं त्यांचं म्हणणं. चू यांनी त्यांच्या विद्वत्तेचा मान राखला आणि पहिल्या आज्ञेपासून ते हलले नाहीत : माझ्याखेरीज तुला वेगळे देव नसोत. मला या भेटीचं विशेष वाईट वाटतं ते असं, की मूर्तीची वकिली करायला सरकारी अधिकारी आला नव्हता, बायबल हातात घेतलेला भाऊ आला होता. महासभेने ठराव केला त्या दिवशी चू पोलीस कोठडीत होते.

पुढे त्यांना सोडलं, पुन्हा धरलं, पुन्हा सोडलं, पुन्हा धरलं. डिसेंबर १९३९ मध्ये प्योंगयांग प्रेस्बिटरीने, म्हणजे त्या भागातल्या मंडळ्यांच्या पाळक-वडिलांच्या सभेने, त्यांचं पाळकपद काढून घेतलं. म्हणजे जपानी न्यायालयाने नव्हे, त्यांच्याच सहपाळकांनी. १९४० मध्ये त्यांच्या मंडळीचं दार बंद करण्यात आलं आणि त्यांच्या कुटुंबाला पाळकाच्या घरातून बाहेर काढलं. लोक घराघरांतून जमून उपासना करत राहिले. २१ एप्रिल १९४४ रोजी चू प्योंगयांगच्या तुरुंगात वारले. वय ४६. या काळात जवळपास दोन हजार ख्रिस्ती तुरुंगात गेले आणि पन्नासएक जण मेले, असा अंदाज मंडळीचे इतिहासकार देतात.

एकदा वाकल्यानंतर

‘एवढं एकदा करू, मग आपल्याला आपलं काम करू देतील’ ही आशा किती टिकली ते पाहण्यासारखं आहे. उपासनेच्या सुरुवातीला पूर्वेकडे, टोकियोच्या राजवाड्याच्या दिशेने वाकणं आलं. ‘आम्ही साम्राज्याचे प्रजाजन’ ही शपथ आली. काही उपासनामंदिरांत शिंतो देव्हारा बसला. काही पाळकांना शुद्धीकरणाच्या स्नानाचा शिंतो विधी करावा लागला. चर्चच्या घंटा उतरवून युद्धासाठी धातू म्हणून दिल्या गेल्या. १९४२ मध्ये प्रेस्बिटेरियन मंडळीने निधी जमवून नौदलाला लढाऊ विमान दिलं, त्याला मंडळीचंच नाव होतं. आणि ज्या संस्थेला वाचवण्यासाठी हे सगळं चाललं होतं ती महासभाही शेवटी उरली नाही. युद्ध संपायला काही आठवडे असताना सगळ्या प्रोटेस्टंट मंडळ्या सरकारने एका जपानी छत्राखाली कोंबल्या. वाचवायच्या होत्या त्या शाळांचं तर ठरावापूर्वीच संपलं होतं. सूंगसिल १९३८ च्या मार्चमध्ये बंद झालं. प्योंगयांगचं ईश्वरविज्ञान विद्यालयही त्याच वर्षी बंद पडलं.

मला दिसणारी दुसरी मूर्ती

या प्रकरणात एक मूर्ती उघड आहे : राष्ट्र आणि त्याचा सम्राट. तिच्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. मला जास्त अस्वस्थ करते ती दुसरी, जी चर्चच्या आतच होती. ती म्हणजे मंडळीची संस्था. महासभा चालू राहिली पाहिजे, इमारत हातची जाऊ नये, शाळेची मान्यता टिकली पाहिजे. या इच्छा चांगल्या आहेत. पण चू की-चोल यांचं पाळकपद काढलं गेलं तेव्हा या चांगल्या इच्छेला नरबळी हवा होता आणि तो दिला गेला. एखादी गोष्ट माझ्या जीवनात देवाच्या जागी बसली आहे की नाही, हे तिच्या नावावरून कळत नाही. तिच्यापायी मी कुणाला सोडून द्यायला तयार आहे, यावरून कळतं.

दानीएलाच्या तिसऱ्या अध्यायात हेच आहे. नबुखद्नेस्सराने दूराच्या मैदानात सोन्याची मूर्ती उभारली. ती कोणाची होती हे शास्त्र सांगतच नाही. कोणाकोणाला बोलावलं त्या अधिकाऱ्यांची यादी मात्र पुन्हा पुन्हा येते, वाद्यांची यादी येते, आणि न वाकणाऱ्यासाठी भट्टी येते. सरकारी समारंभच तो. शद्रख, मेशख आणि अबेदनगो हे तिघेही त्याच सरकारचे मोठे अधिकारी होते आणि त्या मैदानापर्यंत त्यांनी इमानाने नोकरी केली होती. देशाची सेवा आणि देशाची पूजा यांतली रेघ त्यांना दिसत होती, कारण सेवेत ‘नाही’ म्हणायला जागा असते आणि पूजेत नसते.

आपल्याकडे आज कोण आपल्याला असं मैदानात उभं करतंय, असं कुणी विचारेल. मी बायबल अभ्यासात हे प्रकरण घेतो तेव्हा चर्चा सम्राटावर फार वेळ थांबत नाही. ती ‘हा धर्म नव्हे’ या वाक्यावर येऊन थांबते, कारण ते वाक्य सगळ्यांच्या ओळखीचं निघतं. दहावीच्या वर्षात मुलाला सलग कित्येक रविवार उपासनेऐवजी क्लासच्या टेस्टला पाठवताना आईवडील म्हणतात, त्यात धर्माचा काय संबंध, त्याच्या भवितव्याचा प्रश्न आहे. घराच्या हप्त्यांसाठी रात्री बारापर्यंत लॅपटॉपपुढे बसणारा म्हणतो, ही फक्त नोकरी आहे. आवडत्या पुढाऱ्याची उघड खोटी गोष्टही पुढे पाठवणारा म्हणतो, हे फक्त राजकारण आहे. यातलं काहीही मुळात वाईट नाही. शिक्षण, घर, देश या देवाच्या देणग्या आहेत. पण त्यांनी मागितलं आणि आपण द्यायचं नाकारलं, असं शेवटचं कधी झालं होतं, हे आठवत नसेल तर तिथे काळजी करायला हवी. पौल कलस्सैकरांना लोभ हीच मूर्तिपूजा असं लिहितो, आणि येशू धनाविषयी बोलताना त्याला ‘धनी’ म्हणतो, ज्याची चाकरी केली जाते असा.

संस्थेच्या मूर्तीबद्दल तर आपण बोलतच नाही. जुन्या मिशनच्या जमिनी, शाळा, वसतिगृहं, ट्रस्टच्या निवडणुका यांच्यापायी आपल्या मंडळ्यांत सख्खे भाऊ वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, आणि प्रभुभोजनाच्या मेजावर मात्र शेजारी शेजारी येतात. प्रत्येकाच्या तोंडी एकच कारण असतं : मंडळीचं हित. प्योंगयांगच्या सभापतींचंही तेच कारण होतं, आणि ते ढोंगाने बोलत होते असं मला वाटत नाही.

१९४५ नंतर

१५ ऑगस्ट १९४५ ला जपानने शरणागती पत्करली. त्याच रात्री प्योंगयांगचं शिंतो देवस्थान जळालं. दोन दिवसांनी तुरुंगातले ख्रिस्ती बाहेर आले. ते सानजुंगह्योनमध्ये जमले आणि मंडळीच्या पुनर्बांधणीसाठी त्यांनी काही तत्त्वं मांडली : देवस्थानात वाकलेल्या पाळकांनी आणि वडिलांनी शिस्त म्हणून निदान दोन महिने सेवेतून बाजूला व्हावं, पापकबुली द्यावी, मग परत यावं. मागणी फार कठोर नव्हती. एका पाळक परिषदेत ती मांडली गेली तेव्हा होंग तेक-गी उठले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : तुरुंगात गेलेल्यांनी सोसलं, तसंच बाहेर राहून मंडळी सांभाळणाऱ्यांनीही सोसलं, आणि पश्चात्ताप हा ज्याचा त्याचा देवाशी असलेला मामला आहे. इथेच विषय अडला.

या उत्तरात तथ्य नाही असं नाही. बाहेर राहिलेल्यांनी खरोखर सोसलं होतं. पण ठराव मंडळीने उघड, सभेत, नाव घेऊन केला होता. त्याचा पश्चात्ताप मात्र खासगी कसा? दुसऱ्या बाजूने, तुरुंगातून आलेल्यांभोवती जमलेल्या गटात पुढे आपल्या शुद्धतेचा अभिमान शिरला अशी टीका झाली, आणि ती अगदीच निराधार नव्हती. १९४६ मध्ये बुसानला त्यांचं वेगळं ईश्वरविज्ञान विद्यालय निघालं, १९५२ पर्यंत वेगळा संप्रदाय झाला. सोसण्याचीही मूर्ती होऊ शकते. मूळ ठराव महासभेने १९५४ मध्ये रद्द केला. चू की-चोल यांचं काढून घेतलेलं पाळकपद प्रेस्बिटरीने परत दिलं ते १९९७ मध्ये, त्यांच्या मृत्यूला त्रेपन्न वर्षं होत आल्यावर.

यातली एक घटना मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. हान क्युंग-जिक हे उत्तरेकडचे पाळक निर्वासित म्हणून सोलला आले आणि १९४५ मध्ये त्यांनी तिथे सुरू केलेली योंगनाक मंडळी पुढे जगातल्या मोठ्या प्रेस्बिटेरियन मंडळ्यांपैकी एक झाली. अनाथाश्रम, शाळा, निर्वासितांसाठीचं काम यांसाठी १९९२ मध्ये त्यांना टेम्पलटन पुरस्कार मिळाला. सोलमध्ये त्यांच्या सन्मानार्थ समारंभ झाला. नव्वदीच्या उंबरठ्यावरचा हा माणूस सत्काराला उत्तर द्यायला उभा राहिला आणि सर्वांसमोर म्हणाला की मी पापी आहे, मी शिंतो देवस्थानात वाकलो होतो. परिस्थिती कशी होती, शाळा कशा वाचवायच्या होत्या, सगळेच कसे वाकत होते, यातलं काहीही त्यांनी पुढे केलं नाही.